ब्रेकला नुसतं बोट लावायचं

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी घाबरशील आणि मग, आई कधीपासून पत्रं लिहायला लागली, म्हणून हसशील. हसून घे. फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की बाळाचं हुंकारणं ऐकायला बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि मी नुसती 'जेवलीस का, झोप होते का' करत बसते. त्यांच्या नकळत करावा म्हटलं तर घर आणि गॅरेज यांच्यात एकच भिंत, आणि बाबांचे कान तुला माहीत आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा सैल झालेला नट त्यांना आतून ऐकू येतो, तिथे माझी कुजबुज कुठली लपणार? म्हणून सीट कव्हर शिवायच्या मशीनवर, कापडाखाली कागद ठेवून लिहिते आहे. ते समोर आपल्याच गाडीखाली पडलेत. पाय तेवढे बाहेर दिसताहेत. त्या पायांकडे बघत लिहिते आहे आणि मला भीती वाटते आहे, ठमे. फार भीती वाटते आहे.

रविवारी तुला आणि बाळाला आणायला ते गाडी घेऊन येणार, हे तुमचं दोघांचं ठरलेलं. जावयांना रजा नाही, बसमध्ये एवढ्याशा जिवाचे हाल नकोत, आजोबांची गाडी असताना दुसरी कशाला. सगळं बरोबरच होतं. मीही खुशीत होते. मागच्या सीटला मऊ कापडाचं नवं कव्हर शिवलं, बाळाच्या टोपलीला दोन्हीकडून पट्टे घेतले. बाबा गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटलेत की डोंगराच्या वळणांवरून असा नेईन की पोरीच्या मांडीवरचं पोर कूस बदलणार नाही. आता त्यांनी 'रविवार' म्हटलं की मी मान हलवते आणि शिवायला बसते. परवा दोन कव्हरं उलटी शिवली.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे आई उगाच काहीतरी मनात घेते असं तुला वाटणार नाही. गोदामांच्या मागचा सरळ रस्ता आहे ना, बाबांचा चाचणीचा, तिथून आम्ही फोमचे गठ्ठे घेऊन येत होतो. गाडी एका वेगाला लागली होती. आणि माझ्या तळपायाखाली थरथर सुरू झाली. जरा वेळ चालली, थांबली, पुन्हा सुरू झाली. पत्र्यावर चाक चालावं तशी. मी आयुष्यभर मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून बसणारी बाई, सुई बोथट झालेली मला पायातून कळते. मी बाबांकडे बघितलं. म्हटलं, आता कपाळाला आठी पडेल, आता मान तिरकी होईल. काही नाही. स्वारी मजेत गुणगुणत होती. मला वाटलं, माझी परीक्षा बघताहेत, म्हणून मीही गप्प बसले. घर आलं तरी ते बोलले नाहीत.

ती थरथर लॉकअप क्लचची होती. तो क्लच म्हणजे काय, हे तुला मी सांगणं म्हणजे हसण्यासारखंच आहे. पण मला तो कसा कळला ते तुला कधी सांगितलं नाही. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. माझ्या माहेरी साधी सायकलही नव्हती, आणि हा माणूस जेवताना गिअरबॉक्सशिवाय बोलेना. एकदा मी कंटाळून उठले, तर यांनी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखा हळूहळू फिरायला लागला. म्हणाले, हे इंजिन आणि ही चाकं. ऑटोमॅटिक गाडीत मध्ये वाऱ्याऐवजी तेल असतं, इंजिन तेल घुसळतं आणि त्या घुसळणीने पलीकडचं फिरतं. मग माझा हात धरला आणि म्हणाले, गाडी एका चालीला लागली की आतला क्लच दोघांना असा घट्ट धरतो, मग घुसळण बंद, दोघं एकाच चालीने. मी हात सोडवून घेतला, पण समजलं मात्र पक्कं. तो क्लच झिजला की धरतो-सोडतो, धरतो-सोडतो आणि गाडीला थरथर सुटते. पुढे मी रुसले-फुगले की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, आज लॉकअप घसरतोय. सांगायचं काय, तर ती थरथर मला ओळखू आली आणि त्यांना आली नाही.

गाडीचं दुखणं ओळखायला तुला त्यांनी कसं शिकवलं ते आठवतंय ना? तुझे बूट काढायला लावायचे, स्वतःचे काढायचे, दोन्ही जोड मागच्या सीटवर आणि तुम्ही दोघं अनवाणी निघायचात. पायाने ऐक, म्हणायचे. कानाला इंजिन फसवतं, डोळ्याला काटा फसवतो, तळपाय फसत नाही. तुझ्या त्या मोठ्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच आठवड्यात साहेबांनी अनवाणी पायांवरून तुला झापलं, हे ऐकून बाबा दिवसभर खूश होते. लोक अजून लांबून गाड्या घेऊन येतात ते त्या तळपायांसाठीच. गाडीला जोडायचा तो कॉम्प्युटरचा स्कॅनर जे सांगतो ते हे रस्त्याच्या पहिल्या टोकाला सांगतात, असं गिऱ्हाइकंच म्हणतात. तेव्हा तुला कळेल, मी एवढ्या थरथरीवर का अडून बसले.

शेवटी मीच सांगितलं. म्हटलं, गाडी थरथरते हो सरळ रस्त्याला. आधी हसले. आता तू मला शिकवणार, म्हणाले. मग मात्र गाडी गरम करून गिअरबॉक्सचं ऑइल मोजायची पट्टी ओढली, ऑइल बोटावर घेतलं आणि वास घेतला. काळं पडलं होतं, जळकट वास मारत होता. म्हणजे दुखणं खरं होतं. ते मान्य करायला ते कधी लाजत नाहीत. स्वतःच्या गाडीकडे बघायला वेळ नाही, म्हणाले, आणि त्यांच्या त्या ठरलेल्या पद्धतीने, सोप्याकडून अवघडाकडे, कामाला लागले. ऑइल बदललं. वायरी तपासल्या. क्लचला तेल सोडणारा वॉल्व्ह काढून धुतला. फिरवून आणली आणि म्हणाले, गेली थरथर. मी बसले शेजारी. थरथर होती तशीच. मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, नाही. वाद नको म्हणून शेजारच्या टायरवाल्या भावाला मागे बसवलं. तो बिचारा भोळा, दोन मिनिटांत म्हणाला, दादा, गाडीला थंडी वाजतेय की काय? बाबांनी आरशातून त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. हरवल्यासारखं. मला वाटतं, माझी भीती तिथे सुरू झाली.

एकदा भीती बसली की माणूस बारकाईने बघायला लागतो. जिन्यात तिसऱ्या पायरीवर त्यांची एक चप्पल पडलेली दिसली. वर आले तर एका पायात चप्पल आणि एक पाय मोकळा, आणि चहा मागताहेत. मी म्हटलं, दुसरी कुठे? त्यांनी खाली बघितलं आणि मग म्हणाले, अरेच्चा. मी हसले, तेही हसले. नंतर एकदा फरशीवर लाल ठिपके दिसले, दारापासून मोरीपर्यंत. ऑइल असेल म्हणून फडकं घेतलं तर ते रक्त होतं. तळपायात स्क्रू रुतलेला, डोक्यापर्यंत आत, आणि हा माणूस मोरीत उभा राहून हात धुतोय. मी ओढून काढला तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही. मला म्हणाले, तू का रडतेस, मला दुखत नाहीये. म्हणूनच रडत होते, पण ते कसं सांगणार?

मागच्या थंडीत पायाला मुंग्या येतात म्हणाले होते, तेव्हा मी मोजे आणून दिले होते. आता डॉक्टरांचं नाव काढलं की उडवून लावतात. म्हणतात, पाय आहेत ते, गिअरबॉक्स नव्हे, उघडून काय बघणार? रक्त तपासू या म्हटलं तर सुईला घाबरतो असं सरळ सांगतात. अशा वेळी त्यांच्याशी भांडताही येत नाही, इतकं गोड हसतात.

आता ब्रेकचं सांगते. हे तुला कळायलाच हवं. थरथर नक्की लॉकअपचीच आहे का, हे बघायची तुमची ती युक्ती. एका वेगाला, ॲक्सिलरेटर न हलवता, डाव्या पायाचं बोट ब्रेकला नुसतं लावायचं. मागचा लाल दिवा लागावा, पण गाडीला कळू नये. त्या इशाऱ्यासरशी क्लच पकड सोडतो. थरथर थांबली तर चोर तोच, नाही थांबली तर चाकांकडे किंवा इंजिनाकडे बघायचं. पेडलखाली अंडं आहे असं समज, असं तुला सांगायचे. तू किती अंडी फोडलीस आणि त्यांनी आपल्या आयुष्यात एकही फोडलं नाही, हा त्यांचा ठरलेला विनोद. तर टायरवाल्याच्या बोलण्यानंतर ते मला म्हणाले, चल, तुझ्यासमोरच दाखवतो. बूट काढून मागे ठेवले. तोच सरळ रस्ता, भर सकाळ. गाडी वेगाला लागली, थरथर सुरू झाली, मी नुसती मान हलवली. बघ आता, म्हणाले आणि डावा पाय उचलला.

पाय पूर्ण खाली गेला, ठमे. गाडी जागच्या जागी नाकावर उभी राहिली. पट्टा माझ्या खांद्यात रुतला, मागचे बूट उडून पुढे आले. मागे टँकर होता. त्याचे ब्रेक किंचाळले आणि मी आरशात बघितलं तर आरशात दुसरं काहीच नव्हतं, नुसती त्याची जाळी. लागला नाही. वीतभर उरलं असेल. टँकरवाला उतरून आला आणि त्याने जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाबा खाली बघत होते. त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता, दाबलेला. मग त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरला आणि तो पाय पेडलवरून उचलून बाजूला ठेवला, दुसऱ्या कुणाची वस्तू उचलून ठेवावी तसा. मला ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. भाजी चिरताना दिसतं, डोळे मिटले तरी दिसतं.

घरी येईपर्यंत मी वाट बघत होते की आता बोलतील. गाडी आत लावली आणि म्हणाले, ब्रेक पकडतोय, खोलावा लागेल. मग चारही चाकं उतरवली. पॅड बघितले, नळ्या बघितल्या, सगळं नव्यासारखं. मग म्हणाले, पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, पाय घसरतो. रबर कानशीने खरवडलं. ज्या माणसाने कधी गरजेपेक्षा एक नट जास्त उघडला नाही, तो माणूस सगळी गाडी उघडत होता, आणि मी मशीनवर बसून मनातल्या मनात म्हणत होते, सापडू दे, काहीतरी सापडू दे. गाडीतच असू दे. काही सापडलं नाही. पुढे एकदा गाडी आत घेताना ती थांबेचना, हळूहळू माझ्या मशीनच्या दिशेनेच येत राहिली. ते समोर बघून हसत होते, आपण ब्रेकवर आहोत अशा खात्रीने. पाय दुसऱ्याच पेडलवर होता. मध्ये फोमचे गठ्ठे होते म्हणून मी हे पत्र लिहिते आहे. खाली सांडलेल्या ऑइलवरून घसरली, म्हणाले. फरशी मी सकाळीच पुसली होती. आणि मी तेव्हा माझा विचार केला नाही, ठमे. मागच्या सीटवरच्या त्या टोपलीचा केला, जिचे पट्टे मीच शिवलेत.

तुला वाटेल, बाबांना कळत नाही आणि आई सांगत नाही. मलाही तसंच वाटत होतं. मग काल दुपारी जेवायला हाक मारायला मागच्या खोलीत गेले, जिथे जुने गिअरबॉक्स ठेवतात तिथे. दार लोटलेलं होतं. ते स्टुलावर बसले होते, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेतलेला, डोळे मिटलेले. हातात फट मोजायच्या त्या पातळ पात्या होत्या. त्यातली एक पाती ते तळव्यावरून फिरवत होते. अंगठ्यापासून सुरुवात, मग बोटं, मग चवडा, मग टाच. एक जागा झाली की थांबायचे, ओठ हलायचे, मग पुढची. सोप्याकडून अवघडाकडे, जसं कुठलंही दुखणं शोधतात तसंच. टाच संपली, घोटा संपला, तरी त्यांचा चेहरा हलला नाही. पाती पोटरीवर आली तेव्हा पाय जरासा दचकला. त्यांनी डोळे उघडले आणि त्या जागेवर बोट ठेवून बसून राहिले. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी मागे फिरले, स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं मुद्दाम आपटलं, म्हणजे त्यांना पाय खाली घ्यायला वेळ मिळेल, आणि मग हाक मारली. जेवताना ते रविवारबद्दलच बोलत होते. टायरमध्ये हवा किती ठेवायची, निघायचं कधी. मी वाढत होते. आम्ही दोघंही एकमेकांना काही कळू देत नाही आहोत, आणि दोघांनाही सगळं कळलेलं आहे.

'तुम्हाला आता गाडी चालवता येत नाही', हे वाक्य मी रोज तोंडापर्यंत आणते आणि गिळते. ते वाक्य बोलले तर ते माणूस म्हणून संपतील अशी मला भीती वाटते. नाही बोलले तर काय होईल त्याची भीती तुला सांगितलीच आहे. मधल्यामध्ये मी अडकले आहे. किल्ली लपवून बघितली. त्यांनी काही न विचारता दुसरी काढली.

तर आता ऐक, हे पत्र कशासाठी ते. त्यांची वाट बघू नकोस. रविवारच्या आत तूच ये, आगगाडीने ये, बाळाला नीट गुंडाळून घे, स्टेशनवर टायरवाल्या भावाला पाठवते. बाबांना सांग की धीर निघाला नाही. ते चिडतील, मग बाळ हातात घेतील आणि विसरतील. बाळ माझ्याकडे दे, बूट काढ, त्यांना शेजारी बसव आणि गाडी तू चालव. ब्रेकला बोट लावायचं ते तू लाव. मग थांब आणि त्यांना सांग, लॉकअप गेलाय बाबा, तो ज्यात बसतो तो सगळा कन्व्हर्टर बदलावा लागेल, तोवर ही गाडी कुणीही चालवायची नाही, गिअरबॉक्स आपण दोघं मिळून उतरवू. क्लच गेलाय हे खरंच आहे. सावकाश नेली तर गाडी तशी आणखी काही दिवस चालेल, हे तुलाही माहीत आहे आणि त्यांना तर आहेच. म्हणजे तू खोटं बोलते आहेस हे त्यांना बोलता बोलता कळेल. कळू दे. तू नजर खाली घालू नकोस. कदाचित त्यांना असंच कुणीतरी हवं असेल, ज्याच्या शब्दावर किल्ली खाली ठेवता येईल, आणि ते त्यांनीच शिकवलेलं कुणी असलं तर बरं. त्यांचे हात अजून पहिल्यासारखेच आहेत, बॉक्स उतरवताना तुझ्यापेक्षा पुढेच असतील. मग दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे तू ने, तुला नाही म्हणणार नाहीत. आणि तुला यायला जमलं नाही, तर रागावणार नाही मी. रविवारी ते निघतीलच. मी तेव्हा नेहमीसारखी त्यांच्या शेजारी बसणार आहे, कारण त्या रस्त्यावर त्यांना एकट्याला पाठवणं माझ्याच्याने होणार नाही. एवढं लक्षात घेऊन ये.

आता ते गाडीखालून बाहेर येताहेत. चप्पल कुठे आहे ते बघताहेत.

तुझीच, शेजारच्या सीटवरून,
आई